‘लोकेशन’ला गाव असतं

विहीगावच्या धबधब्याला ‘अशोका धबधबा’ म्हणणं आधी बंद करा. बाकीचं मग बोलू.

२००१ साली संतोष सिवनचा ‘अशोका’ आला. शाहरुख आणि करीना. त्यातल्या एका गाण्यासाठी युनिट कसाऱ्याहून खोडाळ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या विहीगावात आलं, थोडे दिवस राहिलं आणि गेलं. जाताना धबधब्याचं नाव घेऊन गेलं. आज गुगलवर, रीलवर, रॅपलिंगवाल्यांच्या टी-शर्टवर तो ‘अशोका वॉटरफॉल’ आहे. गाव अजून विहीगावच आहे, पण ते आता ‘अशोकाजवळचं एक गाव’ झालंय. ज्या सम्राटाचा या ओहोळाशी काडीचा संबंध नाही, त्याच्या नावाच्या सिनेमाच्या एका गाण्यानं हे केलं. सिनेमा किती जणांना आठवतो ते सोडा.

हे आत्ता लिहिण्याचं कारण असं, की जून आला की माझ्या व्हॉट्सअ‍ॅपवर एक ठरावीक प्रश्न येतो. ऑफिसातली मैत्रीण, कॉलेजातला जुना मित्र, कुणाची तरी वहिनी. ‘अगं, तू तिकडचीच ना? यातलं कुठलं पॅकेज घेऊ?’ खाली दोन-तीन पोस्टर. हिरवा डोंगर, पांढरा धबधबा, पिवळी अक्षरं : जव्हार-मोखाडा शूटिंग स्पॉट्स, एक दिवस, गाईडसह, ठाणे-कल्याण पिकअप, नाश्ता-जेवण इन्क्लुडेड. कोपऱ्यात कुठल्यातरी मालिकेतल्या जोडीचा न विचारता उचललेला फोटो.

मी तिकडचीच. मोखाडा तालुक्यातली, खोडाळ्याजवळची. ठाण्यात नोकरी करते. विहीगाव कागदोपत्री शहापूर तालुक्यात, म्हणजे ठाणे जिल्ह्यात येतं आणि आम्ही २०१४पासून पालघर जिल्ह्यात. पण हद्दीचा दगड ओढ्याला कळत नाही आणि पॅकेजवाल्यालाही. त्यामुळे प्रश्न मलाच येतो.

आधी एक गैरसमज दूर करते. मालिकेची जागा बघायला जाणं हलकं, असं मानणाऱ्यांतली मी नाही. ‘असल्या टूरला काय जायचं, ऑफबीट जावं’ म्हणणारे माझ्या ओळखीचे बरेच आहेत. हे ऑफबीटवालेच ड्रोन घेऊन येतात आणि कुणाच्याही अंगणात तंबू ठोकतात. त्यांच्यापेक्षा मला मालिकेवर जीव असलेली बाई जास्त प्रामाणिक वाटते. माझी आई २०१६मध्ये ‘रात्रीस खेळ चाले’ बघायला रात्री साडेदहापर्यंत डोळे ताणून जागी राहायची. सावंतवाडीजवळच्या आकेरीचा तो वाडा एकदा डोळ्यांनी बघायचा, हा हट्ट तिनं अजून सोडलेला नाही. नाशिकला पंचवटीत सीतागुंफेसमोर रांग लावणारी माणसं आणि माझी आई, यांच्या ओढीत मला फरक दिसत नाही. जिथं गोष्ट घडली तिथं आपले पाय लागावेत, एवढंच. आणि रामायणाचंच म्हणाल तर रामानंद सागरांनी १९८७-८८ साली देशाला दाखवलेलं रामायण आमच्या जिल्ह्याची हद्द ओलांडली की लागणाऱ्या उमरगावात चित्रित झालं होतं. आजही रोज संध्याकाळी दिसणाऱ्या कितीतरी हिंदी मालिकांच्या हवेल्या याच पालघर जिल्ह्यातल्या नायगावच्या स्टुडिओंत प्लायवूडवर उभ्या असतात. तेव्हा टीव्हीला नाक मुरडायचा आम्हाला हक्कच नाही.

माझं भांडण ‘लोकेशन’ या शब्दाशी आहे.

कॅमेरा आला की गावाचं लोकेशन होतं. आकेरीचा वाडा ‘नाईकांचा वाडा’ झाला. कोल्हापूरजवळच्या वसगड्यात ‘तुझ्यात जीव रंगला’चं चित्रीकरण झालं आणि लोक ‘राणादाचा वाडा कुठाय’ विचारत येऊ लागले. गर्दीला कंटाळून शेवटी गावकऱ्यांनीच चित्रीकरणाला विरोध केला. मध्य प्रदेशातल्या सीहोर जिल्ह्यातलं महोडिया ‘पंचायत’ या वेब सीरिजमुळे ‘फुलेरा’ झालं, आणि फुलेरा तर गोष्टीत उत्तर प्रदेशात आहे! पण नीट बघा. आकेरीला निदान मालवणी बोलायला मिळाली. वसगड्याला कोल्हापुरी मिळाली. नटांनी तिची कितीही ओढाताण केली तरी त्या भागाची जीभ पडद्यावर हलली. गाव गोष्टीत होतं.

आम्ही गोष्टीत नसतो. आम्ही मागे असतो.

जव्हार-मोखाडा म्हणजे वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकर, कातकरी. जिची बोली वारली आहे अशी नायिका मराठी मालिकेत मला तरी आठवत नाही. आदिवासी दिसतो तो डोक्यात पिसं खोवून, शेकोटीभोवती, ‘हुर्र’ करत. आमच्याकडे कुणी पिसं खोवत नाही. तारपा मात्र हमखास वाजतो, आणि बहुतेक वेळा तो तारप्याचा आवाजही नसतो, कीबोर्डवरचा असतो. याच जव्हार तालुक्यातल्या वाळवंड्याचे भिकल्या लाडक्या धिंडा आयुष्यभर तारपा वाजवत आले, त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. त्यांचं गाव कुठल्या ‘स्पॉट’च्या यादीत मी अजून पाहिलेलं नाही.

जव्हारचा जयविलास राजवाडा यादीत पहिला असतो. गुलाबीसर दगडाचा, झाडीत दडलेला, राजे यशवंतराव मुकणे यांनी बांधलेला. तिथं चित्रीकरणं झाली आहेत, होतात. बसमधला गाईड माईकवर सिनेमा-मालिकांची नावं धडाधड म्हणतो; त्यातली खरी किती, हे विचारायला कुणी थांबत नाही, कारण तेवढ्यात सेल्फीची रांग लागलेली असते. त्या नावांच्या ढिगाखाली एक गोष्ट गाडली जाते. जव्हारचे मुकणे हे महादेव कोळी घराणं. चौदाव्या शतकापासून १९४८च्या विलीनीकरणापर्यंत, मधल्या सगळ्या उलथापालथींतून टिकलेलं आदिवासी संस्थान. १६६४ला सुरतेच्या वाटेवर शिवाजी महाराज इथं थांबले, शिरपामाळ त्याची खूण. १९१८ साली इथं नगरपरिषद स्थापन झाली. शाळेत ‘आदिवासी म्हणजे मागास’ ऐकत मोठ्या झालेल्या माझ्यासारखीला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी तो राजवाडा पुन्हा बघायला गेले होते. आणि पडद्यावर? पडद्यावर वाडा दिसला की तो ठाकूरची हवेली होतो, नाहीतर कुठल्याशा सरकारांचा बंगला. ज्या राजाचं घर, तोच त्या घरातून हद्दपार. टूरवाला हीच हद्दपारी तिकीट लावून पुन्हा दाखवतो.

कॅमेरे आमच्याकडे नवीन नाहीत. १९९२-९३मध्ये जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत शंभराहून जास्त मुलं कुपोषणानं गेली, तेव्हाही कॅमेरे आले होते. त्यानंतरही दर काही वर्षांनी येत राहिले. बातमीच्या कॅमेऱ्याला आमची फक्त हाडं दिसतात, डोंगर दिसत नाही. मालिकेच्या कॅमेऱ्याला डोंगर दिसतो, माणूस आडवा आला तर ‘जरा बाजूला व्हा’. माणूस आणि डोंगर एकाच फ्रेममध्ये मावतात, हे दोघांनाही कुणी सांगितलेलं नाही.

बरं, आता पॅकेजकडे. एका कंपनीच्या टूरवर माझा मावसभाऊ गेल्या पावसाळ्यात चार रविवार काम करत होता, म्हणून आतला हिशेब मला माहीत आहे. कंपनीचं नाव घेत नाही, कारण ती एकटी तशी नाही. चाळीस सीटची बस, माणशी पंधराशे. झाले साठ हजार. मावसभाऊ बी.ए. झालेला, त्या डोंगरातली वाटन् वाट ठाऊक असलेला. पण बसमध्ये गाईड डोंबिवलीचा, आणि हा ‘लोकल हेल्पर’. काम काय, तर धबधब्यात उतरताना लोकांना हात द्यायचा आणि कुणी घसरलं तर उचलायचं. दिवसाचे पाचशे. जेवण पाड्यावरच्या बायका करतात : भात, आमटी, नागलीची भाकरी, एक रानभाजी, खुरासणीची चटणी. ताटाला एकशेवीस, म्हणजे चाळीस ताटांचे चार हजार आठशे. पार्किंगचे शंभर. बेरीज पाच हजार चारशे. साठ हजारांतले. बसचं भाडं, डिझेल, टोल, जाहिरात हे खर्च आहेत, मान्य. तरी ज्या जागेच्या नावावर तिकीट विकलं त्या जागेला शंभरातले नऊ रुपये, आणि त्या नऊ रुपयांत तिचं खरं नावही नाही.

आणि हा नऊ रुपयांचा रविवार नेमका आवणीचा असतो. आवणी म्हणजे भाताची लावणी. दसरा-दिवाळीनंतर आमच्याकडची निम्मी घरं कुलूपबंद होतात, माणसं भिवंडी-वसईकडे वीटभट्टीवर आणि बांधकामावर जातात. पावसाच्या तोंडावर परत येतात ती आवणीसाठीच. वर्षातले हेच दिवस गाव गाव असतं. तेव्हाच बस येते. चाळीस माणसं एकामागून एक बांधावरून चालतात, बांध फुटतो, पाणी दुसऱ्याच्या खाचरात जातं. चिखलात वाकलेल्या बाईचा फोटो मागून काढला जातो. तिला विचारलंच तर ‘स्माईल द्या’ एवढंच. टॉयलेटची सोय पोस्टरवर असते, प्रत्यक्षात ती जिल्हा परिषदेच्या शाळेची असते, आणि रविवारी शाळेची किल्ली गुरुजींकडे. पुढचं तुम्ही समजून घ्या.

मध्य वैतरणा धरणावर बस थांबते ती ‘ड्रोन शॉट’साठी. शंभर मीटरहून उंच भिंत, मुंबई महापालिकेनं मोखाडा तालुक्यात बांधलेली, २०१४ला पूर्ण झाली. पाणी जातं मुंबईला. गाईड उंची सांगतो. हे सांगत नाही, की याच तालुक्यातले पाडे उन्हाळ्यात टँकरवर जगतात. मालिकेतली नायिका गच्चीवर भिजते तो पाऊस टँकरचा असतो. आमच्याकडच्या बायका मे महिन्यात हंडे लावून ज्याची वाट बघतात तोही टँकरच असतो. शूटिंग स्पॉटच्या टूरमध्ये सांगण्यासारखी याहून मोठी गोष्ट मला तरी सुचत नाही.

मी हे सगळं मावसभावाला तावातावानं ऐकवलं, तर तो म्हणाला, ‘‘ताई, अशोका म्हटलं की गाडी थांबते. विहीगाव म्हटलं की पुढं जाते.’’

याला माझ्याकडे लगेच उत्तर नव्हतं आणि ते असल्याचं नाटक मी करणार नाही. त्याला पाचशे रुपये हवेत. वीटभट्टीपेक्षा हे बरं. शूटिंगवाल्यांनी आणि टूरवाल्यांनी येऊच नये असं मी ठाण्यातल्या फ्लॅटमध्ये बसून म्हणणं म्हणजे त्याच्या ताटातली भाकरी माझ्या तत्त्वासाठी काढून घेणं. पण गाडी थांबण्यासाठी नाव पुसावंच लागतं, हे मला पटत नाही. तुमच्यातल्या के-ड्रामावाल्यांना नामी बेट माहीत असेल. २००२च्या ‘विंटर सोनाटा’नंतर सोलहून तिथं एका दिवसाच्या टूरची रीघ लागली, मालिकेतल्या जोडीचा पुतळासुद्धा उभा राहिला. पण बेटाला आजही जनरल नामीचंच नाव आहे, पंधराव्या शतकातल्या सेनापतीचं. मालिका पाहुणी म्हणून आली, मालकीण झाली नाही. सोलमध्येच बुकचोन नावाची जुन्या हानोक घरांची वस्ती आहे, ड्रामांत दिसते, फोटोंत दिसते. तिथल्या रहिवाशांना पर्यटकांनी इतकं छळलं, की प्रशासनानं सगळ्यात गजबजलेल्या भागात संध्याकाळी पाच ते सकाळी दहा पर्यटकांना बंदी घातली. मार्च २०२५पासून मोडली तर एक लाख वॉन दंड. के-पॉपच्या देशाला हे जमतं. पर्यटक आटले नाहीत, पाचच्या आत घरी जायला शिकले.

आपल्याकडे तर कायदा हाताशी आहे. जव्हार आणि मोखाडा हे पाचव्या अनुसूचीतले तालुके. १९९६चा पेसा कायदा, महाराष्ट्राचे त्याचे नियम २०१४चे. आपल्या परिसराचं काय करायचं यात ग्रामसभेचा शब्द महत्त्वाचा, असं तो कायदा सांगतो. चित्रीकरण असो की रविवारची बस, ग्रामसभेपुढे विषय ठेवा, वेळ ठरवा, वाट ठरवा, पैसे ठरवा. निर्मात्याला आणि टूरवाल्याला हे कटकटीचं वाटतं, कारण ‘लोकेशन’ला तोंड नसतं असं त्यांनी गृहीत धरलंय. कुणा एका जमीनमालकाला गाठलं, हजार-दोन हजार हातावर ठेवले, की झाली परवानगी.

तर, कुठलं पॅकेज घेऊ?

पैसे भरण्याआधी फोन करा आणि विचारा, की गाईड कुठल्या गावचा. ‘आमचा टीम लीडर एक्सपिरिअन्स्ड आहे’ असं उत्तर आलं तर फोन ठेवा. मग विचारा, धबधब्याला गावातले लोक काय म्हणतात. दाभोसा, काळमांडवी, हिरडपाडा ही नावं ज्याच्या तोंडात सहज येत नाहीत, तो तुम्हाला गाव दाखवणार नाही, पार्किंग दाखवेल. जेवण कोण करतं आणि ताटाला किती मिळतात, हे बेधडक विचारा. हॉटेलात वीस रुपयांच्या पापडावरून भांडणारे आपण, इथं लाजायचं कारण नाही. आवणीच्या दिवसांत वाट कुठून आहे ते विचारा. जो म्हणेल ‘बांधावरून नेत नाही, दहा मिनिटं जास्त चालावं लागेल’, त्याच्याबरोबर जा. दिवसाला सहा ‘स्पॉट’ देणाऱ्यापेक्षा दोन देणारा बरा. मुंबईहून जव्हारला जायलाच साडेतीन-चार तास लागतात, सहा जागा म्हणजे सहा वेळा बसमधून उतरणं एवढंच. आणि शूटिंगची गोष्ट जरूर ऐका, मीही ऐकते. युनिटला कुणी पाणी पाजलं, कुणाच्या बैलांना कॅमेऱ्यासमोर उभं केलं, पाऊस थांबेना म्हणून नट कुणाच्या पडवीत बसून राहिला, या गोष्टी डोंबिवलीच्या गाईडला माहीत नसतात. खरी ‘बिहाइंड द सीन्स’ गावाकडेच असते.

आणि नाटकाचीच हौस असेल तर पावसाळा सोडून होळीच्या सुमारास या. मोखाड्याचा बोहाडा बघा. रात्र रात्र चालतो. देवदेवता, राक्षस, एकामागून एक सोंगं येतात, संबळ-पिपाणी वाजते. मुखवटे इथल्याच हातांनी केलेले. काही सोंगांचा मान ठरलेल्या घराण्यांकडे, बापाकडून मुलाकडे आलेला. कुणी ऑडिशन घेत नाही, टीआरपी पडला म्हणून कुणाला मारून टाकत नाही. बोहाड्याचं पॅकेज मात्र अजून कुठल्या पोस्टरवर दिसलेलं नाही. रात्रीचं जागरण आहे आणि सेल्फीला उजेड कमी, हे कारण असावं.

मावसभावानं यंदा कंपनीचं काम सोडलंय. तो आणि त्याचे दोन मित्र स्वतः लोकांना नेणार आहेत. सकाळी लोकलनं कसारा, तिथून जीप, विहीगाव, देवबांधचं गणपतीचं देऊळ, खोडाळ्याला जेवण, वेळ उरला तर सूर्यमाळ. गाण्याचं शूटिंग कुठं झालं तेही दाखवणार, पण आधी गाव. ग्रामसभेत विषय मांडलाय, वाटेचं आणि ताटाच्या दराचं बोलणं चालू आहे. पोस्टर मी करून देतेय. ‘विहीगाव’ मोठ्या अक्षरांत यावर त्याची हरकत नाही. खाली कंसात ‘अशोका’ ठेवायचंच यावर तो अडून बसलाय, आणि कंसातली अक्षरं किती बारीक करायची यावर आमचं दोन आठवडे भांडण चाललंय. जीपमध्ये नऊ जण बसतात. दहावा आला तर त्याला पुढचा रविवार.